जात्याची वरची तळी

(वचन : अनुवाद २४:६)



मोशेच्या नियमशास्त्रांत कर्जदारांविषयीं अनेक नियम आहेत. त्यांतील एक इतका लहान आहे कीं, वाचतां वाचतां आपण तो सहज ओलांडून जातों. ऋणकोचें जातें, किंवा त्याची नुसती वरची तळीदेखील, धनकोनें गहाण घेऊं नये, असा तो नियम. कारणही तेथेंच दिलें आहे : असें करणारा वस्तु गहाण घेत नाहीं, जीव गहाण घेतो. इब्री भाषेंत जात्याचें नांव द्विवचनी आहे, कारण जातें म्हणजे दोन तळ्या. वरच्या तळीस मात्र निराळा शब्द आहे, ‘रेखेव’. त्याचें मूळ ‘स्वार होणें’ या धातूंत आहे. खालची तळी जड व जागची न हलणारी. ती कोण वाहून नेणार? स्वाराला तेवढें उतरवून नेतां येतें, आणि धनकोस तेवढें पुरे होतें.

दगडाच्या एका चकतीला जीव कां म्हणावें ? दापोली तालुक्यांतील बुरोंडीसारख्या समुद्रकांठच्या गांवास हें समजावून सांगण्यास फार पांडित्य नको. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, जाळीं गुंडाळून ठेविलेलीं, आणि हातीं रोजचा पैसा नाहीं. अशा दिवसांत घराचा आधार म्हणजे सुकी मासळी, तांदूळ आणि डोंगरउतारावर पिकलेली नाचणी. नाचणीचा दाणा नीट वाळवून ठेविला तर वर्षानुवर्षें टिकतो. पण दाण्याची भाकर होत नाहीं. उलट पिठाची भाकर होते, पण पीठ फार दिवस राहत नाहीं, कारण दाण्याच्या अंकुरांत तेल असतें व दळल्यावर त्यास वारा लागून तें खवट होऊं लागतें. (एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत लोखंडी रुळांच्या गिरण्या पसरल्या. त्यांनीं गव्हाचा कोंडा व अंकुर काढून टाकून पांढरें पीठ टिकाऊ केलें. मात्र दाण्यांतील पुष्कळसें सत्त्व त्याबरोबर गेलें.) म्हणजे जें सांठवितां येतें तें खातां येत नाहीं, आणि जें खातां येतें तें सांठवितां येत नाहीं. दोहोंच्या मध्यें जातें आहे. आतां पाहा : धनकोनें कणगीला हात लाविला नाहीं, एक मूठ धान्यही नेलें नाहीं, फक्त वरची तळी नेली, आणि भरल्या कणगीशेजारीं लेंकरें उपाशीं निजलीं.

आपल्या देशाच्या कायद्यासही हा विचार परका नाहीं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमानें ऋणकोचीं आवश्यक वस्त्रें, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं औतें व बियाणें हीं जप्तींतून वगळलीं आहेत. परंतु गांवांत वसुली नेहमींच न्यायालयाच्या वाटेनें होते असें नाहीं. आज दगडी जातें बहुतेक घरीं लग्नांतील हळदीपुरतें उरलें आहे. त्याच्या जागीं कोठें कोठें विजेवर चालणारी घरघंटी आली आहे, आणि ती बहुधा हप्त्यांवर घेतलेली असते. समुद्र बंद झाला, हप्ता चुकला, म्हणजे दारांत चार माणसें येऊन बसतात, आणि शेजाऱ्यांदेखत लाज नको म्हणून घरची बाई स्वतःच यंत्र उचलून देते. कागदावर तिनें तें आपखुषीनें दिलेलें असतें ! कर्ज फेडूं नये असें मी म्हणत नाहीं. घेतलेलें फेडिलेंच पाहिजे. पण धनको ख्रिस्ती असो वा नसो, जाळें, शिवणयंत्र, घरघंटी यांवर हात टाकून तो कर्ज वसूल करीत नाहीं, कर्ज फेडण्याचें साधनच मोडतो.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. जात्याचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. त्यांतील फार थोड्यांनीं खुंटा हातीं धरिलेला असतो. पहांटेस उठून घरादारासाठीं दळण्याचें काम या देशांत पिढ्यान् पिढ्या स्त्रियांच्याच खांद्यांवर पडलें. गी पॉईटवाँ व हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत देव आहे, माहेर आहे, भाऊ आहे; सासुरवासही आहे. ओवी गोड आहे म्हणून दळण हलकें होतें असें नव्हे. दळण जड होतें म्हणून ओवी लागली.

शास्त्रांतही असेंच दिसतें. निर्गमांत अगदीं खालच्या पायरीचें माणूस दाखवावयाचें तेव्हां जात्यामागील दासी दाखविली आहे (११:५). शमशोनाचे डोळे काढून पलिष्ट्यांनीं त्यास बंदिशाळेंत दळावयास लाविलें, तें त्याची विटंबना व्हावी म्हणून (शास्ते १६:२१). पुरुषानें दळणें म्हणजे अपमान, ही समजूत इतकी जुनी आहे. पण पाय धुणेंही दासांचेंच काम होतें. आणि प्रभूनें कमरेस रुमाल बांधिला. ज्या घरीं पुरुष प्रार्थनेस पुढें बसतो, त्या घरीं तो दळणास मागें कां राहतो, हें मला कळत नाहीं.

१९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा तंजावरकडील ख्रिस्ती कुटुंबांतले होते. हातसडीचा तांदूळ व घरीं दळलेलें पीठ यांचा पुरस्कार त्या संघानें केला. तो विचार मला मान्य आहे. फक्त त्यास एक पुरवणी जोडावीशी वाटते. घरीं दळावें, पण एकटीनें नव्हे. प्रभूच्या दृष्टांतांतही एका जात्यावर दोघी बसलेल्या आहेत (मत्तय २४:४१). दगडी जातें असेल तर मुलगा व बाप यांनीं आळीपाळीनें खुंटा धरावा. घरघंटी असेल तर धान्य निवडणें, यंत्र पुसणें, पीठ चाळणें हें त्यांनीं करावें. पांच घरांनीं मिळून एक यंत्र घेतलें तर हप्त्याचें ओझेंही वांटलें जाईल.

यिर्मयानें उजाड होणाऱ्या देशाचें चित्र काढतांना दिव्याच्या उजेडाबरोबर जात्याचा आवाज बंद झाल्याचें सांगितलें आहे (२५:१०). येत्या जून महिन्यांत मंडळीचे वडील घरभेटीस निघतील तेव्हां त्यांनीं कान उघडे ठेवावेत. एखाद्या घरांतून दळणाचा आवाज येईनासा झाला असेल, तर धान्य सरलें, विजेचें देणें थकलें, कीं यंत्रच कोणी नेलें, हें घरच्या बाईला एका बाजूस घेऊन हळूच विचारावें. यंत्र गेलें असेल तर मंडळीच्या गरीबनिधींतून पहिला खर्च तें सोडवून आणण्यावर व्हावा. इमारतीच्या रंगाचें काम दिवाळीपर्यंत थांबेल.