सुट्टीतली प्रेमकादंबरी

मे महिन्याची सुट्टी लागली, की गिरगाव, दादर, परळ येथील घरांतून गावी निघणाऱ्या सामानात एखादी हलकीफुलकी प्रेमकादंबरी हमखास असे. पूर्वी ती सर्क्युलेटिंग लायब्ररीतून येई. आता मोबाइलवरही येते. तिच्याविषयीची मते मात्र तीच आहेत. कोणी म्हणतो, दोन घटका मन रमले, आणखी काय हवे? कोणी म्हणतो, वेळ फुकट गेला. आणि वडीलधारी मंडळी विचारतात, असले वाचून मुलींच्या डोक्यात काय भरेल? हा शेवटचा प्रश्न आम्हांला अधिक गंभीर वाटतो. येथे वाचणारी एक आणि मत देणारा दुसराच!

चंद्रकांत काकोडकर यांच्या प्रेमकथांना एके काळी मोठा वाचकवर्ग होता. ‘रंभा’च्या १९६२ सालच्या दिवाळी अंकातील त्यांच्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष मुक्त केले. कथा वाङ्मयीनदृष्ट्या फार उच्च प्रतीची नसेल, परंतु ती अश्लील नाही, असा तो निर्वाळा होता. लैंगिकतेचा नुसता उल्लेखही अश्लील मानला, तर केवळ धार्मिक पुस्तकेच विकता येतील, असेही न्यायमूर्तींनी म्हटले. धार्मिक पुस्तकांवर प्रेम असूनही हे आम्हांला पटते. पण न्यायालय गुन्हा ठरविते. पुस्तकाने मनाचे काय केले, हे त्याने कसे सांगावे?

संत इग्नेशियस १५२१ साली पांपलोना येथे पायाला तोफगोळा लागून अंथरुणास खिळला, तेव्हा त्याने वाचावयास मागितल्या त्या शौर्य-प्रेमाच्या कादंबऱ्याच. घरात त्या नव्हत्या. ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे मिळाली. तरीही एका स्त्रीच्या सेवेत आपण काय काय पराक्रम करू, या स्वप्नात तो तासन् तास रमे. ती स्वप्नेही गोडच होती. मात्र ती ओसरल्यावर मन कोरडे राही. संतांसारखे जगण्याचे विचार ओसरल्यावरही आनंद टिके. हा फरक एके दिवशी त्याचा त्यालाच उमगला.

आविलाच्या संत तेरेजाने आत्मचरित्रात लिहिलेली हकिकत तर आपल्याच घरातली वाटावी. तिच्या आईला अशाच कादंबऱ्यांचा नाद होता. सोसाव्या लागणाऱ्या कष्टांचा विसर पडावा म्हणून ती वाचत असावी, असे तेरेजा समजुतीने म्हणते. आईचे त्यात फारसे बिघडले नाही, हेही सांगते. स्वतः तेरेजाला मात्र नवे पुस्तक हाती नसले की चैन पडेना. दिवसरात्र वाचन चाले. पुस्तके तीच, घरही तेच. पण जे आईला विसावा देई, त्याने मुलीची भक्ती थंडावली. मग दोष पुस्तकाचाच, असे कसे म्हणावे?

या हकिकतीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावरून आपण घाईने पुढे जातो. वडिलांना ती पुस्तके मुळीच खपत नसत. त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून मायलेकींना जपावे लागे. तेरेजा दोष घेते तो स्वतःकडे. आम्हांला वाटते, थोडा वाटा वडिलांचाही असावा. एखादी नायिका तिला का आवडली, हे त्या घरात मोकळेपणाने बोलण्याची सोयच नव्हती. लालबाग-परळच्या घरांतही एखादे पुस्तक चटकन उशीखाली जाते, ते बहुधा दाराशी पावले वाजल्यावरच.