अकरणाचा दोष आणि जुन्या घराची वीजपेटी

न केलेल्या कर्माचा दोष लागतो का, हा भारतीय तत्त्वचिंतनातला जुना वाद आहे. संध्यावंदनासारखी नित्यकर्मे केल्याने वेगळे फळ मिळत नसले तरी ती चुकवल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो, असे मीमांसेच्या परंपरेत मानले गेले. त्यावर शंकराचार्यांनी गीताभाष्यात असा आक्षेप घेतला की न करणे हा निव्वळ अभाव आहे आणि अभावातून भावरूप असे काही उत्पन्न होऊ शकत नाही. हा वाद यज्ञवेदीपुरताच राहिला असे समजण्याचे कारण नाही, कारण अमेरिकेतल्या जुन्या घराची मुख्य वीजपेटी बदलताना तिथल्या कायद्यापुढे जवळपास हाच प्रश्न उभा राहतो.

तिकडे सर्व्हिस पॅनेल म्हटली जाणारी ही पेटी बाहेरून आलेली वीज घरातल्या निरनिराळ्या सर्किटांत वाटून देते. 1897 साली प्रथम निघालेली आणि आता दर तीन वर्षांनी सुधारली जाणारी ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ ही नियमावली तिथली राज्ये आणि शहरे आपापल्या कायद्याने स्वीकारतात. बांधकामाच्या वेळी जे नियमाला धरून होते ते, उघड धोका नसेल तर, सामान्यतः तसेच राहू दिले जाते. परंतु 60 अँपिअरची फ्यूजपेटी काढून 200 अँपिअरचे पॅनेल बसवायला घेतले की नव्या कामाला आजचे नियम लागू होतात. मग कपड्यांच्या कपाटातली पेटी तिथे ठेवता येत नाही, पेटीपुढे किमान तीन फूट मोकळी जागा सोडावी लागते, अर्थिंग सुधारावे लागते, आणि 2020 ची आवृत्ती जिथे लागू आहे तिथे आगीच्या प्रसंगी वीज तोडता यावी म्हणून घराबाहेर स्विच द्यावा लागतो. ज्याने दुरुस्तीला हात घातला त्याच्यावर सारा भार, आणि ज्याने काहीच केले नाही तो मोकळा, हा घरमालकांना अन्याय वाटतो. त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही, कारण या खर्चाच्या धास्तीनेच दुरुस्ती लांबणीवर पडू शकते.

परंतु ‘काहीच न करणे’ म्हणजे काय, हे जुन्या पेटीचे झाकण उघडल्यावर कळते. जिथे 15 अँपिअरचा फ्यूज हवा तिथे 30 अँपिअरचा पिळून बसवलेला आढळतो, कारण दोन्हींचे आटे एकाच मापाचे असतात आणि हीटर लावला की लहान फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असे. फ्यूज हा मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा असतो. तो पक्का केला की तापण्याची वेळ भिंतीतल्या तारेवर येते, आणि त्या तारेवरचे रबराचे व कापडाचे वेष्टण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने इतके ठिसूळ झालेले असते की बोट लागताच त्याचा भुगा पडतो.

शंकराचार्यांचा आक्षेप तर्क म्हणून खरा मानला तरी तो इथे लागू होत नाही, कारण इथे अभाव मुळी नाहीच. दिवा लावण्याची, हीटर चालू करण्याची क्रिया रोज घडते आहे. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादयुक्त, म्हणजे बेसावध, प्रवृत्तीतून होणारा प्राणघात असा अर्थ सांगितला. ही व्याख्या जुन्या घराला अधिक नेमकी लागू पडते, कारण तिच्या दृष्टीने दोष न करण्यात नसून बेसावधपणे करत राहण्यात आहे. कायद्याची सवलत त्या दोषाचे परिमार्जन करत नाही.

म्हणूनच पॅनेल बदलले की कर्तव्य संपले, असे मानणेही चूक ठरते. नियम नव्या कामाला लागतात आणि भिंतीतल्या जुन्या तारा बहुधा तशाच ठेवता येतात, त्यामुळे नव्या कोऱ्या पेटीतून सत्तर-ऐंशी वर्षांच्या तारांत वीज वाहत राहते. निरीक्षकाची सही जेवढे काम बदलले तेवढ्यापुरती असते. भिंतीतल्या तारांची तपासणी घरमालकाने स्वतः सांगून करून घ्यावी लागते.