फोटो काढला, पुढे काय?

भारतमाताच्या सिग्नलला, पुलाखाली, माझ्या डाव्या हाताला एक स्कूटर येऊन थांबली. अंगावर खाकी वर्दी, डोकं मोकळं. हेल्मेट नव्हतं असं नाही. ते पायाशी फळीवर उलटं ठेवलेलं होतं आणि त्यात मेथीची जुडी होती.

एरवी मी हसलो असतो. पण चारच दिवसांपूर्वी मोबाइलवर चलानचा मेसेज आला होता. आईला मागे बसवून डॉक्टरकडे नेत होतो आणि तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. चूक माझीच. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, असा आदेश मुंबई वाहतूक पोलिसांनी 2022 च्या मे महिन्यातच काढला होता. मला तो माहीत होता आणि मी तो पाळला नव्हता. दंड भरला, पण राग गेला नव्हता. तो राग घेऊनच मी खिशातून फोन काढला आणि फोटो काढला.

हवालदाराने पाहिलं. काही बोलला नाही. मेथी हँडलला अडकवली, हेल्मेट झटकून डोक्यावर चढवलं. सिग्नल सुटला.

आता सांगा, प्रकरण संपलं की सुरू झालं? फोटोने त्याचं काम तर जागच्या जागीच केलं होतं. तरी तो माझ्या फोनमध्ये होता, आणि एक्सवर टाकायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

असा एक फोटो मुंबईत गाजलेला आहे. 2023 चा एप्रिल. वर्दीतल्या दोन महिला पोलीस स्कूटरवरून चालल्यात, दोघींच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. एका नागरिकाने तो फोटो ट्विटरवर टाकला आणि विचारलं, आम्ही असं फिरलो तर चालेल का? पोलिसांच्या हँडलने ठिकाण विचारलं. उत्तर आलं, दादर. मग वाहतूक पोलिसांनी कळवलं की संबंधितांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 आणि 194 डी खाली चलानची कारवाई केली आहे. टाळ्या पडाव्यात असाच प्रसंग. माझ्या पिढीला तो आवडतो, कारण त्यात अर्ज नाही, खेटे नाहीत, ‘साहेब जेवायला गेलेत’ नाही.

कायदाही या नागरिकाच्या बाजूने आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा कडक आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 210 बी हे कलम आलं. ज्यांच्याकडे या कायद्याची अंमलबजावणी सोपवली आहे त्यांनीच तो मोडला, तर दंड दुप्पट. हेल्मेटमधून पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे, वर्दीला नाही.

पण दुप्पट का? डोकं तर सगळ्यांचं सारखंच फुटतं.

मी यावर बराच विचार केला. हवालदार उलट्या दिशेने गाडी चालवत आला असता, तर प्रश्नच नव्हता. तो दुसऱ्याच्या जिवाशी खेळ झाला असता. हेल्मेट न घालून तो धोक्यात टाकतो ते स्वतःला. माझं त्याने काय घेतलं? घेतलं, आणि ते जरा वेगळं आहे. मला दंड करताना सरकार म्हणतं, हे तुझ्या भल्यासाठी आहे. त्या वाक्यावर माझा विश्वास असेल तर दंड म्हणजे शिस्त. पण ज्याच्या हातात चलानचं यंत्र आहे त्याचाच त्या वाक्यावर विश्वास नसेल, तर मागे उरते ती वसुली. कुंपणाने शेत खाल्लं की गेलेल्या पिकापेक्षा कुंपणावरचा भरवसा गेल्याचं नुकसान मोठं. दुप्पट दंड त्या भरवशाचा आहे, असं मला वाटतं.

म्हणजे पोलिसाला जाब विचारायचा हक्क आहे, यात मला शंका उरली नाही. अडलं ते दुसऱ्या शब्दापाशी, ‘जाहीरपणे’.

आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त हवालदार राहतात. अर्धी नोकरी वाहतूक शाखेत गेली. त्यांना फोटो दाखवला. चष्मा लावून त्यांनी आधी मेथी पाहिली.

“ड्युटी सुटून घरी चाललाय.”

“काका, हेल्मेट पायाशी आहे.”

“दिसतंय मला. चूक आहे. मी असतो तर साहेबांनी झापलं असतं.” मग फोन परत देत म्हणाले, “तू टाकशील. हजार लोक बघतील. याची बायको बघेल, पोराच्या शाळेतले बघतील. साहेब खुलासा मागतील. बरं, आता मला सांग, साहेबाचा असा फोटो तू कधी काढलास?”

नाही काढला. कारण साहेब माझ्या शेजारी सिग्नलला उघड्या डोक्याने थांबत नाहीत. ते काचा वर केलेल्या गाडीत मागच्या सीटवर असतात, आणि पट्टा लावलाय की नाही ते मला दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने लोकशाही आणली म्हणतात. पण तो कॅमेरा रस्त्यावर उभ्या असलेल्यालाच पकडतो, आणि पोलीस दलात रस्त्यावर उभा कोण असतो हे लालबागमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. अनंत चतुर्दशीला निघालेला राजा दुसऱ्या दिवशी गिरगाव चौपाटीला पोहोचतो, तोवर जे दोराच्या बाजूला उभे असतात, तेच हे. मुंबईत पोलिसांना आठ तासांची पाळी देण्याचा प्रयोग देवनार पोलीस ठाण्यात 2016 मध्ये सुरू झाला. म्हणजे तोवर आठ तास हीसुद्धा प्रयोग करून पाहायची गोष्ट होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खारला विलास शिंदे या वाहतूक पोलिसाने हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन मुलाची दुचाकी अडवली. त्यांच्या डोक्यात मारहाण झाली आणि काही दिवसांनी ते गेले. हेल्मेटवरून. ही घटना आठवली की माझ्या फोटोतला राग मलाच जरा पोरकट वाटायला लागतो.

तरीही काकांचं मी पूर्ण ऐकणार नाही. पोलीस दमतात म्हणून त्यांना प्रश्न विचारू नका, हे म्हणणं शेवटी पोलिसांच्याही फायद्याचं नाही. दमलेल्या माणसाला सांभाळायची जबाबदारी खात्याची आहे. माझ्या मौनाने त्याची पाळी कमी होत नाही. आणि ‘आधी खात्यात तक्रार करा’ हा सल्ला ज्यांनी कधी खात्यात तक्रार केलेली नाही, तेच देतात. शिवाय पोलिसाचं चित्रण करणं हाच गुन्हा, अशी समजूत काही ठाण्यांतही होती. वर्ध्यातल्या एका प्रकरणात तर ठाण्याच्या आत व्हिडिओ काढला म्हणून सरकारी गोपनीयता कायदा लावला होता. पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये सांगितलं. मग ठाण्याच्या आत जे चालतं ते भर सिग्नलला का चालू नये?

मी मधला मार्ग शोधून पाहिला. चेहरा झाकायचा आणि नंबर ठेवायचा. ऐकायला बरं वाटतं, पण चाळीत कोणाला चेहरा लागतो? स्कूटरचा नंबर अख्ख्या मजल्याला पाठ असतो. आणि नंबरच झाकला तर खातं कारवाई कोणावर करणार? म्हणजे जाब विचारणं आणि बेअब्रू करणं यांच्यामध्ये कात्रीने कापावी अशी रेघ फोटोत नाहीच. ती असलीच तर फोटोखाली आपण काय लिहितो त्यात असेल. दादरच्या त्या नागरिकाने एक साधा प्रश्न विचारला होता. मी त्या सिग्नलला मनातल्या मनात जे लिहिलं होतं त्यात प्रश्न नव्हता. हवालदाराच्या पोटावर एक विनोद होता. तोच विनोद शेवटी मला आडवा आला. त्यातून त्याने माझ्यासमोर हेल्मेट घातलं होतं. ज्याने चूक सुधारली त्याला सुधारण्याआधीच्या क्षणावरून बदनाम करायचं, तर मला त्याच्याकडून नक्की काय हवं होतं?

मी तो फोटो टाकला नाही. पुसलाही नाही, खोटं कशाला सांगू.

पुढच्या आठवड्यात परळहून येत होतो. एल्फिन्स्टनचा पूल बंद झाल्यापासून तिथे एरवीच जीव जातो. झेब्रा क्रॉसिंगवर आडवी एक पांढरी गाडी, काचा काळ्या, पुढच्या काचेवर ‘पोलीस’ अशी पाटी, आत ड्रायव्हर नाही. एक आजी पिशव्या सांभाळत तिला वळसा घालून भर रस्त्यात उतरल्या होत्या. मी गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं नाही, नंबर दिसेल असा फोटो काढला आणि खाली एवढंच लिहिलं: ‘ही गाडी इथे उभी करायला परवानगी आहे का?’

दहा मिनिटांनी उत्तर आलं. कृपया नेमकं ठिकाण कळवा.

कळवलं.