गाईचा शाकाहार

गाय तृणाखेरीज कशालाही तोंड लावीत नाही, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो. परंतु गव्हाणीतला कडबा आणि सरकीची पेंड तिच्या पहिल्या विशाल कोठ्यात, ज्यास पशुवैद्य रुमेन म्हणतात, ज्या असंख्य सूक्ष्म जीवांच्या स्वाधीन होते, तेच जीव पुढे चौथ्या कोठ्यापासून पचू लागतात, आणि आतड्यात पोहोचणाऱ्या प्रथिनांत साधारणतः निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा त्यांच्याच देहांचा असतो, हे कळल्यावर शाकाहाराची सरहद्द कोठे आखावी? फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ विर्तानेन, ज्यांना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी पुढे याच सूक्ष्म जीवांच्या भरवशावर गाईंना प्रथिनांऐवजी युरिया व अमोनियमचे क्षार, आणि ऊर्जेसाठी स्टार्च, साखर व सेल्युलोज देऊन दूध मिळविले. (मळीसारख्या ऊर्जेच्या जोडीवाचून बेहिशेबी युरिया घातला, तर मात्र गाय दगावते.)

जैन आचार्य उमास्वातींनी हिंसेच्या व्याख्येत प्राणहरणाबरोबर प्रमादालाही, म्हणजे बेसावधपणालाही, स्थान दिले. त्या न्यायाने रवंथ करणारी गाय बहुधा निर्दोष ठरेल. माझी अडचण तिच्या मालकाची आहे. पूरक खुराकाचे प्रमाण बसविताना तो ज्या जीवांची पैदास जाणूनबुजून वाढवितो, ते उद्या पचावेत म्हणूनच वाढवितो, आणि संध्याकाळी त्यातूनच आलेले दूध सोवळ्याने देवापुढे ठेवतो.