चार इंच

उंचीचं माणसाला काय आकर्षण असतं, हे उंच माणसांना कधी कळायचं नाही. मी पाच फूट तीन इंच. शाळेत कवायतीला पहिल्या रांगेत, वर्गाच्या फोटोत मांडी घालून सर्वांत पुढे, आणि स्वतःच्या लग्नात अंतरपाटाच्या अलीकडे दोन पाटांवर एकावर एक उभा. (दुसरा पाट सासऱ्यांनी आणवला. मुलीकडच्यांनी इतकी काळजी घेतल्याचं उदाहरण आमच्या पाहुण्यांत दुसरं नाही.) तेव्हा २०१९ च्या दिवाळीत मी माझी जीप चार इंचांनी उंच करून घेतली, त्यामागची खरी कारणं कोणत्या मानसशास्त्राखाली शोधायची हे सुज्ञांना सांगायला नको.

मी सांगितलेलं कारण वेगळं होतं. मी सांगितलं, "पूर!"

त्या ऑगस्टमध्ये सांगलीला कृष्णेनं आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर उडी घेतली होती. ४५ फूट म्हणजे तिथली धोक्याची पातळी. त्या आठवड्यानंतर सांगलीकराला पुराच्या नावानं काहीही खपवता येत होतं. वरचा मजला, नवी मोटरसायकल, पोहण्याचा वर्ग, सगळं. हिनं फक्त एवढंच विचारलं, "पण आपण कुपवाडला राहतो ना? आपल्याकडे कुठं पाणी आलं होतं?"

कुपवाडचं असंच असतं. १९९८ साली महापालिका झाली तेव्हा सांगली आणि मिरजेच्या मागून आमचं नाव जोडलं गेलं, तेही बोलताना लोक निम्म्यात सोडून देतात. पूर यायचा तर तो सांगलीला येणार आणि सतार करायची तर ती मिरजेला होणार. आमच्या वाट्याला एमआयडीसीचे भोंगे. मी हिला म्हटलं, "आपल्याला नाही आला, पण दुसऱ्यांना बाहेर काढायला नको?" परोपकाराच्या या उत्तरापुढे ती गप्प बसली. बायको पटून गप्प बसली की कंटाळून, हे ओळखायला मात्र मला आणखी दोन वर्षं लागली.

जीप १९८९ सालची, एमएम ५४०. जिचा वंश थेट दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला जाऊन भिडतो अशी खानदानी गाडी. तिला लांब शॅकल घातले, पाटे वाढवले, खाली थोराड टायर लावले आणि मी वर चढून बसलो. चढून म्हणजे शब्दशः चढून. हिच्यासाठी एक स्टूल गाडीतच ठेवावं लागलं. पण वरून काय दिसत होतं! लोकांच्या कंपाउंडच्या आतलं दिसत होतं. दुसऱ्यांच्या गाड्यांचं टप दिसत होतं. आयुष्यात प्रथमच मी माणसांच्या टाळूकडे पाहत होतो. उंच लोक नम्र का नसतात, ते पहिल्याच दिवशी कळलं.

आठव्या दिवशी मिरजेकडून येत होतो. पहिल्या पाळीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता आणि कामगार सायकलींवरून घरी निघाले होते. डाव्या चाकाखाली एक खड्डा आला. साधा, घरगुती खड्डा. मी स्टेअरिंग सरळ धरलेलं होतं, अगदी दोन्ही हातांनी. तरीही जीपनं आपल्या मनानं उजवीकडे एक झेप घेतली. समोरून येणारा एक सायकलवाला सायकलीसकट रस्त्याच्या कडेच्या चरीत उतरला. लागलं कुणालाच नाही. हँडलला अडकवलेला त्याचा डबा तेवढा उघडला आणि भाकरीचा तुकडा मातीत पडला. मी खाली उतरेपर्यंत तो उभाही राहिला होता. मला वाटलं शिव्या देईल. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जीपच्या उंचीकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावून निघून गेला.

शिव्या दिल्या असत्या तर त्याच दिवशी विसरलो असतो.

"मी वळवलंच नाही हो!" मी मिस्त्रींना सांगत होतो. जगातल्या बहुतेक सगळ्या अपराध्यांचं निवेदन हेच असतं.

मिस्त्री गाडीखाली गेले आणि बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज वर आला, "सर, गाडी वर उचललीसा, पण दांडा हितंच ऱ्हायला की!"

मग त्यांनी समजावून दिलं. स्टेअरिंगच्या पेटीपासून पुढच्या चाकाकडे एक दांडा जातो. त्याला म्हणतात ड्रॅग लिंक. कंपनीनं तो जवळजवळ आडवा ठेवलेला असतो. चाक खड्ड्यात गेलं, वर आलं, तरी आडव्या दांड्याचं टोक आडवं फारसं सरकत नाही. पण मी चेसिस वर नेली आणि अ‍ॅक्सल राहिला खाली. दांड्याचं एक टोक वर, एक खाली. "शिडी भितीला टेकवून वरनं दाबा," मिस्त्री म्हणाले, "खालचं टोक सरकतंय का न्हाई? तसंच. खड्डा शिडी दाबतोय, शिडी चाक ढकलतीया." म्हणजे माझी गाडी मी नव्हे, खड्डे चालवत होते. कुपवाडातल्या खड्ड्यांच्या हाती आपण सत्ता दिली आहे हे कळल्यावर कुणाचीही झोप उडेल.

"मग नवं स्टेअरिंग घालू या," मी म्हणालो. पुढं २०२० ची टाळेबंदी आली. जीप दारात उभी, मी घरात बसलेला. तेवढ्या काळात मी या विषयाचा जो अभ्यास केला, तो मॅट्रिकला केला असता तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पहिला उपाय स्वस्त. डँपर नावाची एक नळी दांड्याला जोडायची. चाकांची थरथर ती गिळून टाकते. सगळं निरोगी असताना ती उत्तम. पण सांधा झिजलेला असला, तरीही ती थरथर गिळते आणि झीज तशीच चालू राहते. आमच्या एका चुलत्यांच्या घरी कुणी मोठ्यानं बोलत नसे. लोक त्याला संस्कार म्हणत. वाटणीच्या दिवशी कळलं, डँपर होता.

दुसरा उपाय म्हणजे पिटमन आर्म, पेटीतून निघणारा हात, खाली वाकवलेला घ्यायचा. दांडा थोडा आडवा होतो, पण हात लांबल्यामुळे पेटीवरचा ताण वाढतो. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या पाठीवर देण्याचा हा प्रकार कुठल्याही कार्यालयात पाहायला मिळेल.

तिसरा, पॉवर स्टेअरिंग. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनियरनं १९२६ साली ते चालवून दाखवलं आणि विकायच्या गाडीत ते आलं १९५१ साली, क्रायस्लरच्या. पंचवीस वर्षं लोकांना वाटत होतं, एवढा आराम कशाला? थोराड टायर वळवताना खांदे भरून येत असल्यामुळे मला तो आराम फार हवासा वाटला. मिस्त्री म्हणाले, "हलकं हुईल सर, बरोबर हुनार न्हाई." दांडा तिरपा तो तिरपाच. एवढंच, की चूक आता एका बोटानं करता येईल.

चौथा उपाय नुसत्या तेलाचा. हातातलं चाक आणि रस्त्यावरचं चाक यांच्यात लोखंडाचा एकही सांधा नाही. आपण फिरवायचं, तेलानं निरोप न्यायचा. दगडधोंड्यांवर चढायच्या शर्यतींत हे चालतं. निरोप पोचला की नाही हे हाताला कळत नाही, कारण परत काहीच येत नाही. सरकारी आदेशाची पद्धत. सार्वजनिक रस्त्यावर नको, असं मीच ठरवलं.

पाचवा खरा. चाकाकडचे हातच उंच घ्यायचे, दांडे वर आणायचे आणि पुन्हा आडवे करायचे. जितकं आपण चढलो तितकं स्टेअरिंगलाही चढवायचं. खर्च भरपूर, काम नाजूक, आणि करून झाल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही. लोकांना दिसते ती फक्त उंची. तत्त्वज्ञानाचा संशय मला इथं पहिल्यांदा आला. दिसणाऱ्या चार इंचांचे पैसे मी घासाघीस न करता दिले होते. न दिसणाऱ्या दांड्यांसाठी मात्र तीन दुकानांत भाव विचारत होतो.

वाचता वाचता एक गंमत सापडली. वळताना आतलं चाक जास्त आणि बाहेरचं कमी वळलं पाहिजे, नाहीतर टायर घासतात. ही युक्ती म्युनिकच्या लँकेनस्पेर्गर नावाच्या घोडागाडी करणाऱ्यानं काढली. पुढं लंडनमध्ये पेटंट घेतलं ते त्याच्या अकरमन नावाच्या एजंटानं. जग आज तिला अकरमनचीच म्हणतं. मी हे हिला कौतुकानं वाचून दाखवलं. "म्हणजे एकाच दिशेला जायचं असेल तर दोघांनी सारखंच वळून चालत नाही," मी म्हणालो. "आणि जास्त कोण वळतं?" तिनं विचारलं. "आतलं," मी म्हणालो, आणि पुस्तक मिटलं.

कायद्याचंही मला ठाऊक होतं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. २०१९ च्याच जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं होतं, की कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत होईल असे फेरफार गाडीत करू नयेत. मी पेपरात वाचलं होतं. पण न्यायालयाचे निकाल हे दुसऱ्यांनी पाळायचे असतात अशी आपली एक समजूत असते.

२०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा चढली. माझी जीप तेव्हा मिस्त्रींकडे पुढची चाकं काढून ठोकळ्यांवर उभी होती; पाचवा उपाय करायचा की नाही याचा निर्णय व्हायचा होता. सांगलीत अडकलेली माणसं नावांतून बाहेर निघाली. कुणीही मला फोन केला नाही. परोपकाराचं माझं चार इंची कारण त्या दिवशी वाहून गेलं.

पाणी उतरल्यावर मी मिस्त्रींकडे गेलो. बाहेर सायकली चालल्या होत्या. मी विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा. तुम्ही माझ्या जागी असता तर कोणतं स्टेअरिंग घातलं असतं?"

"गाडी कुणासाठी वर घेतलीसा?"

"माझ्यासाठी." आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"आन् श्टेरिंग कुणासाठी घालायचं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. दीड वर्ष मी मला काय झेपेल, मला काय हलकं लागेल, माझ्या खिशाला काय परवडेल, एवढंच मोजत होतो. उंची माझी होती. स्टेअरिंग मात्र समोरून येणाऱ्याचं असतं. ज्याला आपण ओळखत नाही, ज्यानं आपल्या उंचीला कधी संमती दिली नाही, आणि जो आपण सरळ जाऊ एवढ्या एका विश्वासावर डबा हँडलला अडकवून निघालेला असतो, त्याचं. आपण चढायचं आणि त्याचा हिशोब चरीतल्या माणसानं चुकता करायचा, हा व्यवहार फक्त जीपमध्येच होतो असंही नाही.

"खाली घ्या," मी म्हणालो.

मिस्त्रींना ऐकू आलं नसावं, किंवा पुन्हा ऐकायचं असावं. "आँ?"

"गाडी खाली घ्या. कंपनीनं दिली होती तेवढी."

जुने शॅकल मिस्त्रींनी जपून ठेवले होते. मी परत मागणार हे त्यांना पहिल्याच दिवशी माहीत होतं की काय, कोण जाणे. झिजलेले सांधे बदलले, पेटी नीट बसवली. चाक फिरवून पाहिलं तर किंचित सैल लागलं. मी तक्रार केली. मिस्त्री म्हणाले, "एवढा प्ले ऱ्हाऊ दे सर. लई आवळलं तर पेटी खाती. हात आन् चाक यात विचार करायपुरती जागा पायजे." एवढं मोठं वाक्य बोलून ते लाजले आणि त्यांनी चहा मागवला.

आता मी जीपमध्ये बसतो तेव्हा कुणाच्या कंपाउंडच्या आतलं दिसत नाही. पाळी सुटायच्या वेळी त्या रस्त्यावरून जाताना मी वेग कमी करतो आणि सायकलींवरचे चेहरे पाहतो. तो पुन्हा भेटलेला नाही. भेटला तरी ओळखणार नाही, कारण त्या दिवशी मी त्याला फार वरून पाहिलं होतं.

स्टूल हिनं गाडीतून काढून स्वयंपाकघरात नेलं. फळीवरचा डबा काढायला मला लागतं.