वर्षावास आणि गावचे गवत



आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून ग्रंथवाचन चालते. वर्षावास म्हणजे हे वाचन, अशी नव्याने धम्मात आलेल्या पुष्कळ कुटुंबांची समजूत असते. पण वर्षावासाचा नियम मुळात कशामुळे झाला? तो झाला गवतामुळे.

विनयपिटकाच्या महावग्गात ही हकीकत आहे. तथागत राजगृहाला वेळुवनात होते. लोक कुरकुर करू लागले की, इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी राहतात, पाखरेसुद्धा घरटे करून बसतात. हे शाक्यपुत्र श्रमण मात्र हिरवे गवत तुडवीत, बारीक जीव चिरडीत बाराही महिने हिंडतात. तथागतांनी ते ऐकून घेतले आणि भिक्खूंना पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्यास सांगितले. हा नियम आकाशातून पडला नाही. सामान्य लोक बोलले, बोलणे पटले, म्हणून नियम झाला. आपल्या धम्माची रीत ही अशी आहे.

आता वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आपल्या आंजी (मोठी) सारख्या गावाकडे पाहा. गायरानाचा उरलेला तुकडा, स्मशानभूमी, शाळेमागचे मैदान, नाल्याचा काठ, रस्त्याची कड, विहाराचे आवार: हे सर्व सार्वजनिक गवत आहे. गावोगाव पद्धत अशी की, १५ ऑगस्टच्या झेंडावंदनापूर्वी ते सरसकट कापून टाकायचे, नाहीतर तणनाशक मारून जाळायचे. म्हणजे ज्या महिन्यांत भिक्खूंनीही गवतावर पाय ठेवू नये असे ठरले, नेमके त्याच महिन्यांत आपण त्यावर विष ओततो!

कोणी म्हणेल, गवताला एवढे काय महत्त्व? पवना, मारवेल ही गवते वाऱ्यावर फळतात, त्यांना माशीची गरज नाही हे खरे. पण त्यांच्यामध्ये तरोटा, कुर्डू, गोखरू, भुईरिंगणी, रानतुळस फुलते, आणि त्या फुलांवर मधमाश्या जगतात. आग्या, सातेरी आणि फुलोरी मोहोळ आपण ओळखतो. परंतु मोहोळ न करणाऱ्या, एकेकट्या राहणाऱ्या माश्याही पुष्कळ आहेत. कोणी उघड्या मातीत बीळ करते, कोणी वाळक्या काडीत अंडी घालते. वांग्याच्या फुलातला पराग सुटायला फूल थरथरावे लागते. ते काम या एकेकट्या माश्यांपैकी काही करतात, मोहोळातल्या मधमाशीला ते जमत नाही. घरामागच्या मांडवावरच्या कारल्या-दोडक्याचे नरफूल वेगळे आणि मादीफूल वेगळे. मधे कोणी पराग नेणारा नसेल तर फळ धरतच नाही. तूर फुलायला दिवाळीचा सुमार होतो. तोवर या माश्यांनी कशावर जगावे? गावच्या गवतातल्या फुलांवरच ना?

सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने धन कसे मिळवावे हे सांगताना भगवंतांनी भ्रमराची उपमा दिली आहे. भ्रमर फुलाला न दुखवता थोडे थोडे गोळा करतो. बावीस प्रतिज्ञांतही सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. ती केवळ गाईबैलांपुरती नाही. आणि ही दया एकतर्फीही नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषाने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. माशीला मारणारे विष पाठीवर पंप घेणाऱ्याला ओळखून सोडत नाही, आणि पंप कोणाच्या पाठीवर असतो हे मी सांगायला नको.

एक गोष्ट स्पष्ट करतो. पोटासाठी गायरानाचा तुकडा वाहणाऱ्या भूमिहीनाला उठवा, असे या बोलण्यातून कोणी काढू नये. त्या हक्कासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४ साली सत्याग्रह केले. मी बोलतो आहे ते उरलेल्या गवताबद्दल.

सापाचे भय खोटे नाही. म्हणून विहाराचा उंबरठा, शाळेचे अंगण, पायवाट आणि नळाभोवतीची जागा खुशाल स्वच्छ ठेवा. बाकीचे गवत आश्विन पौर्णिमेपर्यंत उभे राहू द्या. अपवाद एकच, गाजरगवत. १९५०च्या दशकात ते पुण्याकडे दिसले आणि आज सगळीकडे पसरले आहे. फुलण्याआधी, हातात काहीतरी घालून, मुळासकट उपटावे. पौर्णिमेनंतर फुलांचे बी पडले की विळ्याने कापणी करावी, तीही पट्ट्यापट्ट्याने. तिसरा हिस्सा पुढच्या वर्षापर्यंत तसाच ठेवावा. उन्हाळ्यात काडी लावू नये, कारण वाळक्या काडीत आणि बुडख्यात पुढच्या पावसाळ्याच्या माश्या असतात. कोपऱ्यात थोडी उघडी माती राहू द्यावी.

मोहोळाचेही तेच. रात्री टेंभा लावून आग्या मोहोळ जाळण्याची मुळीच आवश्यकता नाही. १९७६ साली स्थापन झालेल्या वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माश्या न जाळता फक्त मधाचा भाग कापून घेण्याची रीत लोकांना शिकविली आहे.

२००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. आपल्या गावात ती कागदावर आहे की कामात, हे उपासक-उपासिकांनी ग्रामसभेत उठून विचारावे, आणि तणनाशक बंद करण्याचा ठराव तिथेच मांडावा. विहाराच्या आवाराला मात्र ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही. तेथे याच वर्षावासात सुरुवात होऊ शकते. कापणीचे दिवस आधी फळ्यावर लिहावेत, आणि गवताचा पहिला भारा ज्या भगिनींच्या दारी शेळ्या आहेत पण शेत नाही त्यांना द्यावा.

जयभीम!