टाक कुणाचे?

उजनीचं पाणी हटलं की भीमाकाठची बुडालेली गावं वर येतात. पळसदेवचं जुनं देऊळ बघायला लोक लांबून गाड्या करून येतात. आमच्यासारख्या गावाची नुसती जोती दिसतात, कुठं उखळ, कुठं फुटकं जातं. 2024 च्या उन्हाळ्यात धरण वजा पातळीत खोल गेलं, तेव्हा शेजारच्या गावचा एक पोरगा धातू शोधायचं मशीन घेऊन गाळात फिरायला लागला. खिळे, कड्या, नांगराचा फाळ असलं बरंच निघालं. मग एका जोत्याच्या कोपऱ्यात तांब्याची लोटी निघाली. लोटीत देवाचे पाच चांदीचे टाक आणि सोन्याच्या बुगड्यांची जोडी.

जोतं कुणाचं ते गावात सगळ्यांना ठाऊक. त्या घरची म्हातारी गाव उठायच्या आधीच अचानक गेली होती. पुरलेलं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आता त्या घरचा नातू दारात आला तर पोरगा म्हणाला, "दादा, सरकारनं तुमच्या घराचे पैसे दिले. जागा सरकारची झाली. मग त्या जाग्यातलं तुमचं काय राहिलं?"

मला हे बोलणं झटकून टाकता येईना. पैसे दिले हे खरंच. पण पैसे कशाचे दिले? वासे मोजले, दगडी भिंती मोजल्या, जमिनीची प्रत बघितली. टाक कुणी मोजले नाहीत. मोजलं नाही ते विकलं गेलं, असं कसं धरायचं? दुसऱ्या बाजूनं बघितलं तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या घरातलं कुणी गाळ उपसायला आलं नव्हतं. पोरानं पदरचे पैसे घालून मशीन घेतलं, चैत्र-वैशाखाचं ऊन डोक्यावर घेतलं. आमच्यात वाट्यानं शेत कसणाऱ्यालाही पिकात वाटा असतो. घाम गाळला त्याला काहीच नाही, हा न्याय मला पटत नाही.

याला कायदाही आहे, इंग्रजांच्या वेळचा, 1878 चा. जमिनीत लपवलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं की कलेक्टरला कळवायचं. कलेक्टर जाहीर करणार, कुणाचं असेल त्यानं यावं. कुणीच मालक ठरला नाही, तर सापडणारा आणि जागेचा मालक यांचा विचार. त्यांचा आपसात करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि चौथा जागामालकाला. कळवलं नाही तर सापडणाऱ्याचा हिस्सा जातो, वर शिक्षाही होते. मला यातलं एक आवडलं, की आधी सगळ्यांना हाक मारायची, वाटणी मागून. लपवून शंभर वर्षं झाली नसतील तरच पुरणाऱ्याच्या वारसाला दावा सांगता येतो. आपण श्राद्धाला बाप, आजा, पणजा अशी तीन नावं घेतो, तीही धरून चाला शंभरेक वर्षंच. त्याच्या पलीकडचं नाव कुणाच्या तोंडात नसतं. मी दोघांनाही म्हणलं, कलेक्टरला कळवा. दोघंही गप्प बसले. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.

टाकांचा प्रश्न मला मुळात अवघड वाटला नाही. टाक थोरल्याच्या देव्हाऱ्यात असतात, पण थोरला त्यांचा मालक नसतो. कुळाचाराला सगळी भावकी तिथं जमते. थोरल्यानं टाक मोडून चांदी विकली तर भावकी त्याला उभं करील का? मग घरच्याला जे विकता येत नव्हतं, ते दुसऱ्याला सापडलं म्हणून विकता येईल, हे कसं? पोरालाही ते कळत होतं. त्यानं टाक आपणहून आणून दिले. म्हणाला, "दुसऱ्याचे देव घरात ठेवून झोप लागंना."

बुगड्यांचं तसं नाही. सोनं गहाण पडतं, मोडतं, लेकीला जातं. म्हातारीची लेक, म्हणजे त्या नातवाची आत्या, अजून आहे. न बघताच तिनं खूण सांगितली, एका बुगडीची दांडी तुटली होती, सोनारानं डाग दिलाय. ते तंतोतंत निघालं. नातू म्हणतो, आत्यानं जमिनीच्या वेळी हक्कसोड लिहून दिलीय, त्यात सगळं आलं.

मी त्याला विचारलं, "बाबा, हक्कसोडीत गट नंबर लिहिले होते की बुगड्या?" कालपर्यंत हाच माणूस पोराला सांगत होता, की सरकारच्या कागदात जे लिहिलं नाही ते गेलं नाही. आत्याच्या कागदाला मात्र तो दुसरा नियम लावत होता. बाईचा दागिना तिच्या लेकीकडं जावा, यात मला तरी शंका नाही. पोराला त्याच्या मशीनचा आणि उन्हाचा मोबदला द्यावा, तो मात्र नातवानं द्यावा, टाक त्याच्या देव्हाऱ्यात आलेत म्हणून. नातवाला हे रुचलं नाही. तेव्हापासून माझ्या बांधावरून जाताना तो थांबत नाही.

बुगड्या अजून त्या पोराच्या आईच्या डब्यात आहेत. "तुमचं ठरू द्या, मग देतो," म्हणतो. आत्यानं परवा निरोप धाडला, ठरायचं तेव्हा ठरंल, पण एकदा बघायला तरी आण म्हणावं. मी पोराला तो सांगितला. रविवारी जाऊ म्हणालाय.